एमएच-१० नंबरची १९७३ ची फियाट: टोकन देण्याआधी पासिंगचा इतिहास कसा वाचायचा

प्रश्न असा आहे: "सांगलीजवळच्या एका गावात १९७३ सालची फियाट बघून आलो. नंबर एमएच-१० मालिकेतला. मालक म्हणतात, आजोबांनी नवी कोरी घेतलेली घरचीच गाडी, पहिल्यापासून सांगलीतच, पासिंग २०२८ पर्यंत आहे, विंटेजमध्येही करून घेता येईल. आरसीचं स्मार्ट कार्ड आहे, जुनं पुस्तक सापडत नाही म्हणतात. टोकन देण्याआधी पासिंगचा जुना इतिहास कसा तपासायचा?"

टोकन सध्या खिशातच राहू द्या. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींना धरून नाहीत. १९७३ साली सांगलीत नोंदवलेल्या गाडीला एमएच-१० हा नंबर पडूच शकत नव्हता. तेव्हा तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे अशा मालिका होत्या. एमएच आणि पुढे आरटीओचा आकडा ही पद्धत आली १९८९ च्या मध्यात, आणि ती आल्यावर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचे नंबर काही कुणी बदलले नाहीत. म्हणून तर अजूनही एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये तीन अक्षरी पाटीची गाडी दिसते आणि माझ्यासारख्याची मान आपोआप वळते.

मग या गाडीला एमएच-१० कसा मिळाला? नेहमीचा मार्ग एकच: ती १९८९ नंतर कधीतरी दुसऱ्या राज्यातून एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) घेऊन आली आणि सांगलीत नव्याने नोंदवली गेली. सांगलीच्या बाबतीत ते राज्य बहुधा कर्नाटक. सरकारी लिलावातून सुटलेल्या गाड्यांनाही नोंदणीच्या वेळचा चालू नंबर मिळतो. यात बेकायदा काही नाही. आजोबा निपाणीला तंबाखूच्या व्यापारात असतील आणि पुढे घरदार सांगलीला आलं असेल, तर "आजोबांनी नवी घेतली" हेही खरं ठरेल. पण मग "पहिल्यापासून सांगलीतच" हे खरं नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न पासिंगचा नसू दे. तो असा असू दे: "काका, या गाडीचा आधीचा नंबर काय होता?" घरची गाडी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो नंबर तोंडपाठ असतो. फोनचा नंबर विसरतील, पहिल्या गाडीचा विसरत नाहीत.

आता पासिंगबद्दल. इंग्लंडमधला एखादा भाचा तुम्हाला सांगेल की तिकडे गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीच्या तपासणीचा निकाल, नापास झाली तर कशात झाली, किती मैल फिरली, सगळं घरबसल्या दिसतं. खरं आहे. तिकडचं रेकॉर्ड २००५ पासून संगणकावर आहे (आणि चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना ती तपासणी आता माफ आहे, हे भाचा सांगायचं विसरतो). आपल्याकडे खाजगी गाडीचं तसं नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्यानुसार पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. फॉर्म २५ भरायचा, फी भरायची, इन्स्पेक्टर गाडी बघतात, नोंदणी पाच वर्षं वाढते. यालाच आपण पासिंग म्हणतो. म्हणजे १९७३ च्या गाडीचा पासिंगचा अख्खा इतिहास फार तर सहा-सात शिक्क्यांचा. तुमच्या गाडीला २०२८ पर्यंत मुदत आहे, तर शेवटचं पासिंग २०२३ च्या आसपासचं. त्याआधी साधारण २०१८, २०१३, २००८, असं मागे मागे जात १९९३ पर्यंत.

त्या पासिंगमध्ये बघतात काय? चेसिस नंबर, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, पीयूसी, विमा, कर. सायलेन्सर लटकत नाही ना. पायाखालचा पत्रा हाताने दाबून कुणी बघत नाही, इंजिनाचं कॉम्प्रेशन कुणी मोजत नाही. त्यामुळे "पासिंग आहे म्हणजे गाडी चांगली आहे" हे डोक्यातून काढून टाका. माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या एका पासिंगवाल्या गाडीत मॅट उचलल्यावर खालची फरशी दिसली होती.

तरीही पासिंगच्या शिक्क्याला मी फार मानतो, पण वेगळ्या कारणाने. त्या तारखेला ही गाडी आरटीओच्या आवारात स्वतःच्या चाकांवर उभी होती आणि एका सरकारी माणसाने कागदावरचा चेसिस नंबर पत्र्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला, एवढं तो शिक्का सांगतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात खरा घोळ तब्येतीचा नसतो, ओळखीचा असतो. कागद एका गाडीचा आणि लोखंड दुसऱ्या गाडीचं, हे आपल्याकडे जितकं होतं तितकं लोकांना वाटत नाही. सडका पत्रा बदलता येतो, इंजिन भरता येतं. ओळख बिघडलेली गाडी मात्र कुठल्याच मिस्त्रीकडे दुरुस्त होत नाही.

म्हणून शिक्के वाचताना मधल्या फटी वाचायच्या. १९९८ नंतर एकदम २०१४ चा शिक्का असेल तर सोळा वर्षं गाडी कुठे होती? शेडमध्ये उभी होती असं उत्तर येईल, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मग उभ्या गाडीच्या खुणा शोधायच्या: त्या काळातला विमा नाही, पीयूसी नाही, कराच्या कागदात नॉन-युजची, म्हणजे गाडी वापरात नसल्याची नोंद. जुनी माणसं "आरसी-टीसी" असं एका दमात म्हणतात. त्यातलं टीसी म्हणजे कराचं प्रमाणपत्र, आणि ते कुणी मागत नाही म्हणून घरात तसंच पडलेलं असतं. ते मागा. २०१० नंतरच्या पासिंगबरोबर पर्यावरण कराचीही पावती असायला हवी. फीची पावती बघा: २०२३ चं पासिंग असेल तर चारचाकीची फी ५,००० रुपये, कारण १ एप्रिल २०२२ ला ती ६०० वरून ५,००० वर गेली. (ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आहेत, पुढच्या पासिंगचा हिशेब धरून ठेवा.) दोन-तीन वर्षांपूर्वीची पावती "सापडत नाही" असं कुणी म्हणालं तर मी दुसरा चहा नाकारून उठतो.

दुसरी फट मालकाच्या नावात असते, आणि तुमच्या बाबतीत मला हीच जास्त वाटते. आजोबांनी घेतलेली गाडी, आजोबा आता आहेत का? नसतील तर कधी वारले? आणि आरसीवर आज नाव कुणाचं? मी किमान डझनभर गाड्या अशा पाहिल्या आहेत की मूळ मालक २००५ साली गेले आणि २००८, २०१३, २०१८ ची पासिंगं त्यांच्याच नावाने झाली. घरच्यांच्या मनात पाप नसतं. एजंट म्हणतो "सही करून टाका", मुलगा वडिलांची सही करतो. पण कायद्याच्या दृष्टीने ती मयत माणसाची सही आहे. आता तुमच्या नावावर गाडी करायला फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याची सही लागणार, आणि विक्रेता म्हणजे आरसीवरचा मालक. आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर चढवावी लागेल, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र. अमेरिकेतली आत्या सही करणार का, हे गाडीच्या इंजिनापेक्षा महत्त्वाचं होऊन बसतं. हे काम विक्रेत्याने करायचं, तुम्ही नाही. वारसाचं नाव चढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी घरी आणून "बघू नंतर" म्हणणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं झाकून उभ्या आहेत.

स्मार्ट कार्डावर यातलं काही दिसणार नाही. कार्ड आजची स्थिती दाखवतं. जुन्या पुस्तकात पानापानावर शिक्के असतात: मालक बदलला, पत्ता बदलला, बँकेचा बोजा चढला, उतरला, रंग बदलला, इंजिन बदललं, पासिंग झालं. कार्ड झाल्यावर पुस्तक गेलं असं होतं, पण घरात त्याची झेरॉक्स असते. जुन्या विम्याच्या फायलीत बघायला सांगा, तिथे हमखास मिळते. आधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघा: नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत. पण हाताने नोंदवलेल्या जुन्या गाड्यांचा मजकूर नंतर "बॅकलॉग" म्हणून कुणीतरी टंकून घातलेला असतो, त्यात १९७३ चं १९९३ झालेलं मी पाहिलंय. तेव्हा मालकाला बरोबर घेऊन सांगली आरटीओतून गाडीचे पर्टिक्युलर्स, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदीचा तपशील काढा, आणि आधीचा नंबर कर्नाटकाचा निघाला तर तिथल्या आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीच्या रजिस्टरचा उतारा. तो मिळाला की पहिल्या मालकाचं नाव आणि मूळ नोंदणीची तारीख हाती लागते. एक दिवस आणि बेळगावचा कुंदा, एवढा खर्च धरा.

एनओसी कोणत्या तारखेची आणि सांगलीतली नोंद कोणत्या तारखेची, हेही बघा. यात काही महिने जाणं ठीक, आठ वर्षं गेली असतील तर मधल्या काळात गाडी कुठल्याच आरटीओच्या हिशेबात नव्हती.

बोजाचं एक सांगतो. जुन्या आरसीवर कधी कधी अशा पतपेढीचा बोजा असतो जी पतपेढी आता अस्तित्वातच नाही. कर्ज फेडून तीस वर्षं झालेली, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी दिला नाही. हेही विक्रेत्याच्याच गळ्यात घाला.

आता माझी फजिती. साधारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी एक १९६८ ची फियाट घेतली. आरसी स्वच्छ, पासिंग चालू, मालक सज्जन. माझ्याच धंद्यातली गाडी म्हणून मी चेसिस नंबर नुसता डोळ्याने वाचला, पुस्तकाशी जुळला, पैसे दिले. ट्रान्स्फरला गेलो तर इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबरावर कागद ठेवून त्याची पेन्सिल प्रिंट दोनदा घेतली आणि माझ्यापुढे धरली. सगळे आकडे एका खोलीचे, एका उंचीचे, आणि मधला ८ मात्र जाड, किंचित उजवीकडे झुकलेला. तो मुळात ३ होता. आधीच्या कुणीतरी अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा पत्रा कापून इथे जोडला होता आणि नंबर "जुळवून" घेतला होता. त्यानंतरचं एक पासिंग त्याच नंबरावर होऊनही गेलं होतं. गाडी चौदा महिने माझ्या शेडमध्ये उभी राहिली.

हे फियाटमध्ये का होतं ते समजून घ्या. जीपला, ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, नंबर त्या जाड लोखंडावर. या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. नंबर पत्र्यावर ठोकलेला, आणि पत्रा म्हटलं की तो कापताही येतो आणि झाळताही. म्हणून प्रिंट स्वतः काढा. आधी नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसा, ग्रीस आणि जुना रंग निघू द्या. त्यावर पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवा, आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. जोर द्यायचा नाही. आकडे पांढरे उमटतात, भोवतीचा भाग काळा. मग कागद उजेडात धरून बघा: सगळ्या आकड्यांची खालची रेघ एका ओळीत आहे का, कुणी एकटाच खोल गेलाय का, आकड्यांच्या मागे बारीक समांतर रेघा दिसतात का. त्या रेघा म्हणजे ग्राइंडर फिरलाय. कारखान्यातल्या पत्र्यावर त्या नसतात. नंबराच्या पत्र्याच्या कडेने बोटही फिरवा, वेल्डिंगचा उंचवटा नखाला लागतो. इंजिन नंबरचीही प्रिंट घ्या. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पन्नास वर्षांत ते होणारच, पण बदलल्याची नोंद आरसीवर हवी. दोन्ही नंबर हातात आले की एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं सरकारी कार्यालय) वाहन समन्वय सेवेवर टाकून चोरीची नोंद नाही ना ते बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

वर्ष आणि लोखंड जुळतं का तेही बघा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीला "प्रीमियर पद्मिनी" हे नाव १९७४ पासून लागलं. १९७३ च्या गाडीवर पद्मिनीचं नाव, पद्मिनीची जाळी असेल तर एक तर कुणी हौसेने बदललंय, किंवा कागद ७३ चा आणि गाडी ८३ ची आहे. नुसतं नाव बदललेलं असेल तर चालतं. सगळंच पुढच्या मॉडेलचं असेल तर वरची प्रिंट आणखी एकदा बघा.

टॅक्सीबद्दल लोक फार घाबरतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. त्याआधी अनेक काळ्या-पिवळ्या परमिट सरेंडर करून खाजगी झाल्या आणि गावोगाव गेल्या. टॅक्सीला दरवर्षी पासिंग लागायचं, त्यामुळे कागदाच्या दृष्टीने टॅक्सीचा इतिहास खाजगी गाडीपेक्षा भरगच्च असतो! घ्यायची तर टॅक्सी म्हणून, टॅक्सीच्या भावात घ्या. लपवलेली नको. ओळखायची कशी? दरवाजाचं रबर एका कोपऱ्यात सोलून छताच्या पन्हळीत बघा, तिथे पिवळा रंग राहतो, कुणीही तिथपर्यंत घासत नाही. डाव्या बाजूला पुढे मीटर बसवल्याची बुजवलेली भोकं, डिकीत सीएनजीच्या सिलिंडरच्या पट्ट्यांच्या खुणा. तुमची गाडी ७३ ची असल्याने ही शक्यता कमी, पण रबर सोलायला पैसे पडत नाहीत.

पीयूसीची रद्दी कुणी टाकली नसेल तर ती मागून घ्या. जुन्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी लागते, म्हणजे पासिंगपेक्षा दहापट कागद. त्यावर धुरातल्या सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसीचे (न जळलेलं इंधन) आकडे छापलेले असतात. या वयाच्या पेट्रोल गाडीला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १,५०० पीपीएम. दोन-तीन वर्षांत एचसी चढत गेलेला दिसला तर इंजिन ऑइल खातंय किंवा मिस मारतंय. उलट सलग सहा पावत्यांवर अगदी तेच आकडे असतील तर गाडी पंपावर गेलेलीच नाही, नुसता नंबर गेलाय. आता पाटीचा फोटो छापून येतो, त्या फोटोत मागचा बंपर, दिवे, गाडीचा रंग दिसतो. मी एकदा असा फोटो बघूनच ओळखलं होतं की "मूळ रंग" म्हणून दाखवलेली पांढरी गाडी तीन वर्षांपूर्वी निळी होती. रंगबदलाची नोंद आरसीवर नव्हती. किलोमीटरच्या मीटरवर मात्र वेळ घालवू नका. पाच आकडी मीटर, ९९,९९९ नंतर परत शून्यावर येतं, आणि आपल्या कुठल्याच जुन्या कागदात ते लिहिलेलं नसतं.

राहिलं विंटेजचं. मालक म्हणतात ते अर्धं खरं आहे. १५ जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात फेरफार न केलेली खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण मोजायचं पहिल्या नोंदणीपासून. ती तारीख सिद्ध करायची तर पुन्हा तोच आधीचा नंबर आणि तोच बी-एक्स्ट्रॅक्ट लागणार. शिवाय व्हीए नंबर पडला की गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची; रोजच्या कामाला नाही. रविवारी पोरांना घेऊन औदुंबरला जायचं असेल तर साधं पासिंगच चालू ठेवा.

पत्र्याची तपासणी मी इथे सांगत बसत नाही, त्यासाठी तिथलाच एखादा डेंटर दोन तास बरोबर न्या आणि त्याला दुपारचं जेवण घाला. फक्त जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा: दरवाजाच्या खालच्या कडेला, मागच्या चाकाच्या कमानीत जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

सांगलीला जाल तेव्हा पातळ कागद, मऊ पेन्सिल, चिकटपट्टी, फडकं आणि टॉर्च घेऊन जा. आधीचा नंबर विचारताना मालकाच्या आईलाही विचारा, असल्या तर. प्रिंट काढली की तिचा फोटो आणि आरसीच्या दोन्ही बाजू मला पाठवा. प्रिंट सपाट ठेवून, वरून, उन्हात काढलेली हवी. तिरक्या फोटोत ३ आणि ८ सारखेच दिसतात.